कुंकू लावलेली काडतुसं

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. खरं सांगायचं तर बंदूक हे नाव तेवढं उरलंय, बाकी मी एक लोखंडाची दांडीच. बडोद्याच्या दक्षिणेला, विश्वामित्रीच्या काठी, पेन्शनीत निघालेल्या शिपायांची एक छोटी वस्ती आहे. तिथल्या एका घरात दारावर दोन खुंट्या आहेत आणि त्यांच्यावर मी आडवी पडून असते. या, जवळ या. घाबरू नका. माझ्यापासून आता कुणालाच भीती नाही, मगरीलासुद्धा नाही. बसा असे. गोष्ट रडवणारी आहे, पण रडवणारी गोष्ट शेवटपर्यंत ऐकण्याइतके तुम्ही आता मोठे झालात.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. भट्टीत लाल झाले, घणाखाली वाकले, कानशीखाली ओरडले. मग अक्रोडाच्या लाकडाचा गुळगुळीत दस्ता मला मिळाला. तो बसवणाऱ्या माणसानं त्यावरून तळवा फिरवला होता, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. तो तळवा मला अजून आठवतो. चरबी फासून, पेंढ्यात गुंडाळून, बहिणींच्या शेजारी पेटीत निजून मी समुद्र ओलांडला. पेटी उघडली ती बडोद्याच्या पलटणीत. सयाजीराव महाराजांचं राज्य होतं. ऊन असं लखलखीत की माझी नळी चमकली आणि समोरचा शिपाई म्हणाला, "अरे वा! ही तर नवी नवरी दिसते."

त्या शिपायाचं नाव दत्ताजीराव. मी त्यांच्याच खांद्यावर गेले. पुढं ते हवालदार झाले, मिशा कानाला भिडल्या, तरी मी त्यांच्याच खांद्यावर होते.

माझी रीत सांगते, कारण पुढं ती लागेल. माझ्या दस्त्याखाली एक दांडी आहे. ती खाली ओढली की माझा जबडा उघडतो. आत एक काडतूस ठेवायचं, दांडी वर घ्यायची, चाप ओढायचा, की बार. एका वेळी एकच घास, जास्त नाही. माझं काडतूस पितळेचं, अंगठ्याहून जाड, मानेशी निमुळतं. त्याच्या बुडाला मधोमध एक टिकली असते. दिवाळीत तुम्ही दगडानं टिकल्या फोडता ना, तिचीच ही थोरली बहीण. माझ्या पोटातली सुई टिकलीवर आदळते, टिकली दारूला पेटवते आणि दारू गोळीला पळवते. टिकली मेली की सगळंच मेलं.

पलटणीतले ते दिवस फार चांगले होते. दत्ताजीराव माझ्या नळीतून कढत पाणी ओतायचे, चिंधीनं कोरडी करायचे, मग तेलाचा हलका हात फिरवायचे. दसऱ्याच्या मिरवणुकीत आम्ही रांगेनं चालायचो तेव्हा घडियाळी पोळ नावाच्या गल्लीच्या तोंडाशी बायका गच्च्यांवर उभ्या राहून फुलं टाकायच्या. एक झेंडू माझ्या नळीत अडकला होता. दत्ताजीरावांनी तो तसाच राहू दिला. वरिष्ठ ओरडले, तरी राहू दिला.

मग छपनिया म्हणतात तो मोठा दुष्काळ येऊन गेला आणि त्यानंतर केव्हातरी पलटणीत नव्या बंदुका आल्या. बारीक नळीच्या, एका दमात पाच पाच घास पोटात ठेवणाऱ्या. त्यांचं काडतूस माझ्या काडतुसाच्या निम्म्या जाडीचं. माझ्या बहिणी पेट्यांत गेल्या त्या कुठं गेल्या, मला ठाऊक नाही. मी मात्र वाचले. दत्ताजीराव त्याच सुमाराला पेन्शनीत निघाले. त्यांना नदीकाठी थोडी जमीन मिळाली, मी मिळाले आणि माझ्यासोबत काडतुसांच्या दोन पेट्या मिळाल्या. त्या बदल्यात एक काम होतं. वस्तीच्या घाटाची राखण करायची.

राखण कुणापासून? मगरींपासून. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत. उन्हाळ्यात पाणी आटतं, डोह तेवढे उरतात आणि साऱ्या मगरी त्या डोहांत गोळा होतात. आजव्याच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आलं होतं, पण आमच्या वस्तीपर्यंत त्याचे पाय पोचले नव्हते. बायकांना धुणं, पाणी, भांडी, सगळं नदीवरच.

वस्तीची जुनी रीत अशी, की दिवाळी झाली, पूर ओसरला, की सगळ्यांनी मिळून घाटापुढच्या पाण्यात बाभळीचे दांडके रोवायचे आणि त्यांत काटेरी फांद्या विणायच्या. पाण्यातलं कुंपण. बायका कुंपणाच्या आत, मगर बाहेर. पुरात ते दरवर्षी वाहून जायचं आणि दरवर्षी नव्यानं बांधावं लागायचं. हात रक्तबंबाळ व्हायचे, पुरुष कुरकुरायचे.

तिथं मी आले. पहिल्याच उन्हाळ्यात एका थोरल्या मगरीनं धोब्याचं गाढव ओढलं. दत्ताजीरावांनी मला खांद्याला लावलं, श्वास धरला आणि मी एकदाच गरजले. मगर उलटली, तिचं पांढरं पोट दिसलं. मित्रांनो, त्या संध्याकाळी वस्तीनं माझ्यापुढं नारळ फोडले. जीवीबेन नावाची शेजारीण होती, तिनं माझ्या दस्त्यावर साखर ठेवली. मला वाटलं, जगात माझ्यासारखी मीच.

त्या वर्षी दिवाळीनंतर कुंपण कुणी बांधलं नाही.

दत्ताजीराव रोज सकाळी घाटावरच्या दगडावर मला मांडीवर घेऊन बसू लागले. शिपाईच तो, त्यांनी बायकांना कवायतच शिकवली. "हे बघा, मी हाक मारली की जो जिथं असेल तिथं ताठ उभा राहील. धावायचं नाही. धावलात तर माझ्या नेमात याल. तुम्ही उभ्या राहा, बाकी माझी बंदूक बघेल." बायका हसायच्या, पण शिकल्या. पोरीबाळीही शिकल्या. अधूनमधून ते उगीच हाक मारायचे, "थांब!" आणि सारा घाट पुतळ्यांसारखा उभा राहायचा. कुणाच्या हातात पिळलेलं लुगडं, कुणाच्या हातात घासायची राख. दत्ताजीराव मिशीत हसायचे.

वर्षं गेली. त्यांचा मुलगा भास्करराव प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर झाला. त्याचं लग्न झालं आणि पादरा गावाहून येसूबाई सून म्हणून घरात आली. सासू नव्हती, आधीच वारली होती. येसूबाईनं आल्या आल्या घर झाडलं, चूल सारवली आणि दारावर मला पाहून म्हणाली, "सासूबाई गेल्या म्हणून सुटले म्हटलं, तर ही लोखंडी सासू आहेच की वर बसलेली!"

दत्ताजीराव रागावतील असं मला वाटलं. ते खो खो हसले. तेव्हापासून मी लोखंडी सासू. भाजी खारट झाली की येसूबाई माझ्याकडं पाहून म्हणायची, "बोला आता, तुम्हीही बोला!" तिला मुलगी झाली, नीरा. तिला झोळीत घालून ती माझ्याखालीच झोका द्यायची. झोक्याची दोरी माझ्या खुंटीला बांधलेली असायची. मी अशी दुहेरी राखण करायची, घाटाचीही आणि झोळीचीही. त्या घरातला तो काळ आठवला की माझ्या नळीत अजून ऊब येते.

पण घास संपत चालले होते. दोन पेट्यांतली एक रिकामी झाली, दुसरी अर्ध्यावर आली. पूर्वी दत्ताजीराव वर्षातून एकदा तरी घाटापलीकडच्या मातीच्या ढिगावर बार काढून पाहायचे. एकदा भास्कररावाला त्यांनी नवी काडतुसं आणायला शहरात पाठवलं. तो मांडवीकडच्या दुकानात गेला. रिकाम्या हातानं परत आला आणि ओसरीवर बसला.

"आबा, नाही मिळाली."

"संपली असतील. पुढच्या खेपेला येतील."

"येणार नाहीत. दुकानदार म्हणाला, 'भाई, ए माप हवे बंद थयुं. ए बंदूक तो भींते ज शोभे.' कारखान्यांनीच हे माप करायचं सोडलंय म्हणे, बंदूक आता भिंतीवरच शोभेल."

दत्ताजीरावांनी मिशी चोळली. "मुंबईला मिळतील."

"मुंबईलाही तो विचारून आलाय. आबा, बंदूक म्हातारी झाली म्हणून मी म्हणत नाही. तिचं खाणंच बंद झालंय. ही देऊन टाकू. तो दुसरी देतो बदल्यात, नव्या मापाची. तिची काडतुसं उद्याही मिळतील, दहा वर्षांनीही मिळतील."

"तुझी आई म्हातारी झाली होती तेव्हा बदलायला गेलो होतो का रे मी?"

"आईचं काय काढता मध्येच?"

"मग हिचंही काढू नकोस. मूठभर आहेत शिल्लक. मला अजून असं किती जगायचंय! माझ्यापुरती झाली."

आतून येसूबाई पीठ मळता मळता म्हणाली, "मामंजी, तुमच्यापुरती होईल हो. पण घाटावर उभ्या असतो आम्ही."

दत्ताजीराव मिशीला पीळ देत म्हणाले, "काडतुसांची काळजी करणारा शिपाई आणि भाताची काळजी करणारा जावई, दोघांनाही कुणी मान देत नाही." भास्करराव हसला. मित्रांनो, चांगल्या विनोदानं कितीतरी खरी भांडणं अशीच मिटून जातात आणि आपल्याला वाटतं, बरं झालं.

त्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या. एक, दत्ताजीरावांनी मातीच्या ढिगावर बार काढायचं बंद केलं. उरलेलं एकेक काडतूस सोन्यासारखं झालं. सोनं कुणी मातीत उडवतं का?

दुसरी गोष्ट दसऱ्याची. आपल्याकडं दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत आहेच. माझीही व्हायची, झेंडूची माळ, आपट्याची पानं, सगळं. पण आता दत्ताजीराव काडतुसांचीही पूजा करू लागले. ताटात तांदळाची रास घालायची, त्यात काडतुसं उलटी खोचायची, बुडं वर. समईतल्या तेलात कुंकू कालवायचं आणि अनामिकेनं एकेका काडतुसाच्या टिकलीवर एकेक बोट लावायचं. ते हे इतक्या हळुवारपणे करायचे, की येसूबाई सुद्धा चूल सोडून बघत राहायची. नंतर काडतुसं तशीच फडक्यात बांधून पेटीत जायची. कुंकू पुसायचं नाही. पूजेचं कुंकू पुसणं अशुभ. असं कुंकू कोण पुसेल?

भास्कररावानं एकदा पाहिलं. "तेल बरंच आहे आबा," तो म्हणाला. "पितळेला हिरवा गंज चढणार नाही." कारखान्यात दिवसभर तेलाचा डबा हातात घेऊन तो हेच करायचा. त्यालाही ते बरोबर वाटलं. मला? मी तर माझ्या घासांना तेल लागतंय म्हणून खूश होते. मला तेल आवडायचं. आम्हा सगळ्यांना ते प्रेमच वाटत होतं आणि होतंही ते प्रेमच.

दरवर्षी दसरा आला. दरवर्षी टिकलीच्या कडेनं, केसाएवढ्या फटीतून, तेल थोडं थोडं आत गेलं.

येसूबाईचं मन मात्र घाटावर लागत नसे. ती पादऱ्याकडची, शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी विहिरीला कठडा नसेल तर म्हाताऱ्या बायका पोरींना जवळ जाऊ देत नसत. एका दिवाळीनंतर ती स्वतः कोयता घेऊन बाभळीच्या रानात गेली. काट्यांचे भारे डोक्यावरून आणले आणि गुडघाभर पाण्यात उतरून दांडके रोवू लागली. नीरा काठावर बसून तिला एकेक फांदी देत होती. जीवीबेन कपडे आपटता आपटता हसून म्हणाली, "अरे वहू, हवालदारकाकानी बंदूक छे ने! पछी वाड शुं काम?"

"कुंपण हवंच, मावशी. बंदूक म्हातारी झाली."

"म्हातारी तो हुंय थई, तोय तारी सासू जेवुं बोलुं छुं!" म्हातारी झाली तरी तोंड बंद पडत नाही, असं जीवीबेन म्हणाली आणि सारा घाट हसला.

येसूबाईही हसली. चार दांडके तेवढे उभे राहिले. एकटीच्या हातानं किती होणार? ती पुरुषांना म्हणाली, सगळे मिळून एक दिवस द्या. पुरुष म्हणाले, पुढच्या रविवारी. तो रविवार आलाच नाही. त्या संध्याकाळी तिनं हातांतले काटे काढता काढता दत्ताजीरावांना विचारलं, "मामंजी, तुम्ही हाक मारली की आम्ही उभ्या राहायचं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि नाही उडाली तर?"

दत्ताजीराव मोठ्यानं हसले. "सूनबाई, ही तुझी लोखंडी सासू आहे. सासू कधी गप्प बसलीय का?"

मित्रांनो, तो प्रश्न माझ्या अगदी खाली उभा राहून विचारला होता तिनं. माझ्या पोटात तेव्हा एक काडतूस होतं, कुंकवासकट.

वैशाख आला. नदी आटली. आमच्या घाटापुढचा डोह हिरवागार, गप्प पडून होता. ती सकाळ मला नीट आठवते. दत्ताजीराव दगडावर होते, मी त्यांच्या मांडीवर. नजर जरा मंद झाली होती, पण मगरीची रेघ त्यांना अजून ओळखू यायची. जीवीबेन वर कपडे वाळत घालत होती. नीरा काठावर कवडीसारखे शिंपले लुगड्याच्या काठावर मांडत होती. येसूबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून गोधडी धूत होती. तिचे चार दांडके बाजूलाच उभे होते, मधल्या फटी उघड्या.

पाण्यावर एक रेघ उठली. लांबून, सरळ, घाटाकडं.

"थांब!" दत्ताजीराव ओरडले.

सारा घाट उभा राहिला. जीवीबेन वर लुगडं धरून. नीरा शिंपला धरून. आणि येसूबाई पाण्यात, ताठ. काठ तिच्यापासून दोन झेपांवर होता. ती धावली असती तर पोचली असती. पण तिला शिकवलं होतं, धावलीस तर नेमात येशील. तिनं पाण्याकडं पाहिलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं.

दत्ताजीरावांनी चाप ओढला.

टक्.

एवढाच आवाज. माझी सुई टिकलीवर आदळली आणि टिकली झोपूनच राहिली. त्यांनी दांडी ओढली, काडतूस खाली पडलं, दुसरं भरलं. टक्. तिसरं भरताना ते हातातून निसटून दगडावर वाजलं. "येसू, पळ! येसू!" ते ओरडले, पण तो शब्द त्या घाटाला कधी शिकवलेलाच नव्हता. ती अजून माझ्याकडंच पाहत होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती हो. नुसता प्रश्न होता, जणू अजून मी उडणारच आहे.

पुढचं मी सांगणार नाही. मला ते सांगवत नाही. पाण्यावर गोधडी तेवढी पसरून राहिली. बराच वेळ ती तशीच तरंगत होती.

पुरुष काठ्या, कोयते घेऊन धावून आले. डोह ढवळला, खालपर्यंत ढवळला. तिला हवं होतं ते घेऊन नदी पुन्हा गप्प झाली होती.

भास्करराव प्रतापनगरहून पळत आला, तेव्हा दत्ताजीराव अजून त्या दगडावर होते. मी खाली मातीत पडले होते. खाली पडलेली काडतुसं त्यानं उचलली. क्रियेचे दिवस संपल्यावर एका सकाळी त्यानं ओसरीवर बसून त्यांतलं एक पक्कडीत धरलं आणि हळूच मान मोडून ते उघडलं. आतली दारू काळी, भुरभुरीत असायला हवी. ती चिखल झाली होती. तांबूस चिखल. टिकलीच्या मागं कुंकू साचलं होतं.

दुसरं उघडलं. तेही तसंच. पेटीतली बाकीचीही त्यानं एकेक उघडली आणि ओळीनं मांडली. लाल, लाल, लाल.

दत्ताजीराव दारात उभे राहून बघत होते. भास्कररावानं मान वर केली. मला वाटलं, आता तो ओरडेल. त्यानं ओरडायला हवं होतं. तो म्हणाला, "मीच म्हणालो होतो, तेल बरंय."

"मी लावलं रे," दत्ताजीराव म्हणाले. "माझ्या बोटानं." आणि ते अनामिका डोळ्यांसमोर धरून तिच्याकडं पाहत राहिले, जणू ते बोट दुसऱ्याच कुणाचं होतं.

त्यानंतर त्यांनी मला कधी हातात घेतलं नाही. रोज पहाट झाली की कोयता घेऊन ते बाभळीच्या रानात जायचे. डोक्यावर काटे आणायचे, त्या पाण्यात उतरायचे आणि दांडके रोवायचे. येसूबाईच्या चार दांडक्यांच्या पुढं पाचवा, सहावा. जीवीबेन रडत म्हणायची, "काका, रहेवा दो, छोकरा करशे." पोरं करतील म्हटलं तरी ते ऐकायचे नाहीत. मग एकेक करून वस्तीतले पुरुष न बोलावता पाण्यात उतरले. रविवारची वाट कुणी पाहिली नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी, पूर येऊन वाहून नेणार हे ठाऊक असताना, त्यांनी ते पुरं केलं. पूर आला आणि त्यानं ते नेलं. दत्ताजीराव त्याच श्रावणात गेले. शेवटी त्यांच्या हातांत काटे रुतलेले होते, ते कुणी काढले नाहीत. त्यांना काढू द्यायचे नव्हते.

तर मित्रांनो, लोक विचारतात, बंदूक बाळगणाऱ्यांनी काडतुसांची काळजी का करावी? मिळतात तोवर वापरावी, नाही मिळाली तर बंदूक भिंतीला लावावी. मी म्हणते, ज्याला शिकारीचा शौक आहे त्यानं खुशाल तसं करावं. शौक भिंतीला टांगता येतो. पण ज्या वस्तूच्या भरवशावर तुमचं माणूस पाण्यात उभं आहे, तिचं खाणं उद्या कुठून येणार हे आजच विचारा. विचारणाऱ्याला हसू नका. आणि घास थोडेच उरलेत म्हणून ते झाकून ठेवू नका. थोडे उरलेत म्हणूनच एखादा उडवून बघा. नाही उडाला तर निदान कळेल की आपल्या हातात आता काही नाही. कळलं की माणूस धावतो. मला कळलं नव्हतं. येसूबाईला कुणी कळू दिलं नाही.

आणि मुलांनो, प्रेम करा वस्तूंवर, जरूर करा. पण हळद-कुंकू लावण्याआधी त्यांना कोरडं ठेवायला शिका.

पुढच्या दसऱ्याला घरात ताट मांडलं, ते नीरानंच. सहा वर्षांची पोर, पण आईसारखाच पदर खोचून वावरत होती. तांदळाची रास घातली. आपट्याची पानं ठेवली. मी खुंटीवरून बघत होते, वाटलं, आता मला खाली घेतील. भास्करराव एक पाऊल पुढं आलाही. नीरानं त्याचा हात धरला. मग ती आत गेली आणि येसूबाईचा कोयता घेऊन आली. फडक्यानं तिनं तो पुसला, अगदी कोरडा होईपर्यंत पुसला, पातं उजेडात धरून पाहिलं आणि ताटात ठेवला. त्याला एक झेंडू वाहिला. कुंकू लावलं नाही.

नंतर घरी आलेले सगळे जेवायला बसले तेव्हा ती एकटी माझ्याखाली येऊन उभी राहिली. तिच्या झोळीची दोरी अजून माझ्या खुंटीला होती, तुटकी. तिनं मान वर केली. तिचे डोळे अगदी आईचे आहेत. तसेच, नुसता प्रश्न असलेले.

"तू का नाही उडालीस?" तिनं विचारलं.

मित्रांनो, मी आत्ता तुमच्याशी जे बोलले ते सगळं तेव्हा मला तिला सांगायचं होतं. पण लोखंडाला तोंड एकच असतं आणि त्यात घालायला आता घास नाही. ती वाट बघत उभी राहिली. मग आत कुणीतरी हाक मारली, तशी ती गेली.

दिवाळी झाली की ती तिच्या वडिलांबरोबर घाटावर जाते. मला इथूनच बाभळी तोडण्याचा आवाज येतो.